हाड, छू आणि थांब

मराठी शेतकरी बैलाशी जितके बोलतो तितके तो घरातल्या माणसांशी तरी बोलत असेल की नाही, शंकाच आहे. बैलाला थांबवायचे, मागे सारायचे, वळवायचे, तासात धरायचे, यासाठी मुलखामुलखात वेगळे हुंकार आहेत, वेगळे टचकारे आहेत. कुत्र्याच्या वाट्याला मात्र आपल्या भाषेने जेमतेम तीन शब्द काढून ठेवले आहेत. जवळ बोलावण्यासाठी 'यू यू', हाकलण्यासाठी 'हाड' आणि दुसऱ्याच्या अंगावर सोडण्यासाठी 'छू'. ये, जा आणि चाव. 'जिथे आहेस तिथे राहा' असे सांगणारा शब्द त्यांत नाही, कारण कुत्रा कुठे राहतो याची चौकशी करण्याची गरज आपल्याला कधी भासली नसावी. त्यातही 'हाड' या शब्दाची गंमत अशी की हाकलतानाही हाड आणि ताटातले उरलेले पुढे टाकतानाही हाडच. ध्वनी एक, अर्थ दोन, आणि ते नेमके परस्परविरुद्ध. भाषाशास्त्राच्या तासाला अनेकार्थी शब्दांची उदाहरणे शोधताना आम्हाला हे उदाहरण कधी सुचले नव्हते. ते सुचवले एका दोन महिन्यांच्या पिलाने.

आम्ही दोघेही मराठी शिकवतो आणि काही वर्षांपासून जिवतीला राहतो. चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाचा हा तालुका माणिकगडाच्या डोंगररांगेवर वसलेला आहे. इथली माणसे त्याला नुसते 'पहाड' म्हणतात. गोंड आणि कोलाम इथले मूळचे. १९७२च्या दुष्काळाच्या आगेमागे नांदेड, लातूर, बीड, परभणीकडची शेकडो कुटुंबे इथे चढून आली आणि कापूस, ज्वारी, तूर पिकवू लागली. बंजाऱ्यांचे तांडे आहेत. दक्षिणेला तेलंगणाची हद्द आहे, आणि हद्दीवरच्या चौदा गावांवर दोन्ही राज्ये आपला हक्क सांगत आली आहेत. त्यामुळे जिवतीच्या बाजारात उभे राहिले की एका फेरीत चार-पाच भाषा कानांवर पडतात. कुत्र्याला गोंडीत 'नय' म्हणतात, तमिळमधल्या 'नाय'चे ते भावंड, तेलुगूत 'कुक्का'. आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांना ही सारी नावे कळतात, किंवा यांतले एकही कळत नाही. दोन्ही शक्य आहे.

शेजारच्या घरी कुत्री व्यायली होती. पाच पिले. चार नर महिन्या-दीड महिन्यात वाटले गेले, मादी उरली. मादी पिलू कुणी नेत नाही, याला पहाड अपवाद नाही आणि पुणेही नाही. शेजारचे मामा (नांदेड जिल्ह्यातल्या लोह्याकडून वडिलांबरोबर लहानपणी इकडे आलेले) एका सकाळी तिला हाताच्या ओंजळीत घेऊन आले आणि म्हणाले, "मॅडम, ही तुम्हीच ठिवा. नाहीतर रानात सोडावी लागंल." आमच्या दोघांच्याही घरी, माहेरी वा सासरी, कधी कुत्रे नव्हते. आम्हाला कुत्र्यांची माहिती होती ती वाङ्मयातून.

म्हणून नावही वाङ्मयातूनच आले. तिचे नाव आम्ही सरमा ठेवले. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात पणींनी लपवलेल्या गाईंचा माग काढत रसा नदीपार जाणारी, त्यांच्याशी वाद घालणारी आणि बहीण मानण्याचे त्यांचे आमिष धुडकावणारी इंद्राची दूती ती ही सरमा. आम्ही या निवडीवर खूश होतो. गल्लीने दुसऱ्याच दिवशी तिचे 'शर्मा' केले आणि आठवड्याभरात 'शर्माबाई'. पोस्टमनने तर एकदा विचारले, नवीन मॅडम आल्यात का? शिवाय जातीचा प्रश्न होताच. येणारा प्रत्येक जण विचारी, कोणत्या जातीची? गावठी म्हटले की चेहरा पडे. टपाल खात्याने २००५ साली चार देशी श्वानजातींची तिकिटे काढली, त्यांत मुधोळ होता, राजापालयम होता. गावठीला तिकिटावर जागा मिळाली नाही. ज्याला जात नाही त्याचे चित्र कशावर काढणार?

पहिला खरा प्रश्न उभा राहिला तो भाषेचा. शहरातला सुशिक्षित मराठी माणूस आईशी मराठीत, रिक्षावाल्याशी हिंदीत आणि कुत्र्याशी इंग्रजीत बोलतो. सिट, कम, नो, स्टे. घरात ज्यांनी कधी इंग्रजी वाक्य पुरे केले नाही तेही कुत्र्यासमोर साहेब होतात. पु. ल. देशपांडे यांच्या 'पाळीव प्राणी' या लेखाने अशा यजमानांची टर उडवली त्याला अर्धशतकाहून अधिक काळ लोटला, तरी सोसायट्यांच्या बागांमध्ये हा प्रयोग रोज संध्याकाळी चालू असतो. यावर हसणे सोपे आहे. पण विचार केला तर त्यात भाषेची एक अडचणही दिसते. मराठीत कुत्र्याला 'थांब' म्हणायची परंपराच नाही. ज्याला ते म्हणायचे आहे तो शब्द उसना घेणारच. आम्ही ठरवले की उसने घ्यायचे नाही. बस, ये, सोड, थांब. चार शब्द, चारही मराठी, आणि दोघांनीही तेच वापरायचे. एकाने 'बस' म्हणायचे आणि दुसऱ्याने 'खाली बस गं राणी' म्हणायचे, असे चालणार नाही. प्राध्यापकांना हे किती जड गेले असेल याची कल्पना वाचक करू शकतील.

'बस' सर्वांत सोपा. अंड्याच्या बलकाचा कण बोटांत धरून तिच्या नाकावरून डोक्याच्या मागे नेला की मान वर जाते आणि मागचे अंग आपसूक टेकते. टेकले त्याच क्षणी शब्द उच्चारायचा आणि कण द्यायचा. म्हणजे आधी कृती, मग शब्द. अर्थ आधी घडतो आणि नाव नंतर मिळते. वर्गात आपण बरोबर उलट करतो. शू-शीचे गणितही असेच सरळ. झोपून उठली की बाहेर, खाल्ले की बाहेर, खेळून झाले की बाहेर. पिलू जितक्या महिन्यांचे, साधारण तितकेच तास ते धरून ठेवू शकते, असा एक ढोबळ हिशेब आहे. तो आम्हाला रात्री दोन वाजता अंगणात उभे राहून नीट पटला. दुधाचे अठ्ठावीस दात पडून बेचाळीस पक्के दात येईपर्यंत तिने जे काही चावले त्यात एका शब्दकोशाचा पुठ्ठा होता. आतली पाने शाबूत आहेत.

'ये' आणि 'सोड' यांविषयी लिहिण्यासारखे फार नाही. लसींविषयी मात्र एक वाक्य लिहायला हवे, कारण पहिल्यांदाच पिलू आणणाऱ्यांना ते कुणी सांगत नाही. १९७८च्या सुमारास जगभर पसरलेला पार्व्हो हा विषाणू लस न मिळालेल्या पिलाला दोन-तीन दिवसांत संपवतो, आणि ती लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा द्यावी लागते. आम्ही ती चंद्रपूरहून राजुरा, गडचांदूरमार्गे घाट चढून, बर्फाच्या डब्यातून, एसटीत मांडीवर ठेवून आणली. वाहकाने डब्यात काय आहे विचारले. कुत्र्याचे औषध म्हटल्यावर त्याने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले तिच्यात करुणा होती.

गल्लीचे मत वेगळे होते. "काय सर, कुत्र्याला बी शाळा काढलाव का?" असे मामा रोज कुंपणावरून विचारीत. त्यांचा काळ्या नावाचा कुत्रा सहा वर्षांचा होता आणि त्याला कुणी काही शिकवले नव्हते. तो कापसाच्या शेतात रानडुकरांवर भुंके, रात्री अंगणात बसे, दिवसा बैलगाडीच्या सावलीत झोपे. सरमेने घरात घाण केली तर तिचे नाक त्यात घासावे, म्हणजे ती पुन्हा करीत नाही, हा मामांचा सल्ला होता, आणि तो केवळ त्यांचा नव्हता. भेटणाऱ्या दहांपैकी नऊ जणांनी तो दिला. त्यांत पदव्युत्तर शिक्षण घेतलेले होते, आणि वर्गात मुलांना मारू नये या मताचेही होते.

आम्ही तो सल्ला मानला नाही, आणि न मानण्याचे आमचे कारण प्रथम तरी पशुवैद्यकातले नव्हते. महाभारताच्या आदिपर्वात, कथा नीट सुरू होण्याआधीच, एक पिलू मार खाते. जनमेजय आणि त्याचे भाऊ कुरुक्षेत्रावर सत्र करीत असतात. तिथे सरमेचा मुलगा जातो. भाऊ त्याला मारतात. तो रडत आईकडे येतो. आई विचारते, तू काही अपराध केला असशील. तो म्हणतो, मी काहीच केले नाही. हविर्द्रव्याकडे पाहिले नाही, त्याला जीभ लावली नाही. तेव्हा ती देवशुनी थेट यज्ञमंडपात जाऊन जाब विचारते. राजघराणे उत्तर देत नाही. मग ती शाप देते: न दिसणारे भय तुमच्यावर येईल. एवढ्या अवाढव्य ग्रंथाच्या दारातच ही गोष्ट का ठेवली असावी, यावर आम्ही वर्गात अनेकदा बोललो आहोत. हीच सरमा घरात आल्यावर प्रश्न अधिक साधा झाला. मारले म्हणून शाप नाही. अपराध सांगता आला नाही म्हणून शाप आहे.

या गोष्टीला एक अनपेक्षित जोड न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातून मिळते. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने २००९ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग असा: मालकाने कुत्र्याला खाऊ खाऊ नको असे सांगायचे आणि खोलीबाहेर जायचे. परतल्यावर काहींना सांगायचे की कुत्र्याने खाल्ले, काहींना की खाल्ले नाही; आणि हे सांगणे नेहमी खरे नसे. कान पाडणे, नजर चुकवणे, शेपूट पायांत घेणे, ज्याला आपण 'चूक कळल्याचा चेहरा' म्हणतो, त्याचा खाण्याशी संबंध आढळला नाही. तो चेहरा मालकाच्या रागावण्याला दिलेले उत्तर होता. ज्यांनी खाल्लेच नव्हते आणि तरी ओरडा खाल्ला, त्यांचा चेहरा अधिकच अपराधी दिसला. म्हणजे सारमेय आपली बाजू मांडू शकला ते व्यासांच्या कृपेने. बाकीची पिले निर्दोष असतानाही गुन्हेगारासारखी दिसतात, आणि आपण म्हणतो, बघा, कळलंय त्याला. घरात तासाभरापूर्वी झालेल्या ओल्या डागापाशी पिलाला ओढत नेणारा माणूस त्याला 'इथे शू करू नये' हे शिकवीत नसतो. 'माणूस केव्हाही बिघडू शकतो' हे शिकवीत असतो. परीक्षेच्या निकालानंतर दोन महिन्यांनी उत्तरपत्रिका दाखवणाऱ्या विद्यापीठांची इथे आठवण झाली, पण ते असो.

मराठीत 'ऐकणे' या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत. कानावर पडणे आणि सांगितल्याप्रमाणे वागणे. 'तो माझे ऐकत नाही' म्हणताना आपण दुसरा अर्थ धरतो आणि पहिला गृहीत धरतो. विकी हर्न या अमेरिकन कवयित्री. त्या कुत्र्या-घोड्यांना शिकवण्याचे कामही करीत. 'ॲडम्स टास्क' या १९८६च्या पुस्तकात त्यांनी अशा शिक्षणाचा विचार भाषेच्या अंगाने केला आहे, आणि आज्ञा देण्याचा अधिकार कमवावा लागतो अशी त्यांची भूमिका आहे. सरमेच्या बाबतीत आम्हाला हे अगदी बारीक स्वरूपात दिसले. 'थांब' म्हटल्यावर ती एक सेकंद थांबली की लगेच मोबदला. मग दोन सेकंद. मग आम्ही एक पाऊल मागे. मग दार उघडे. थांबलेल्या पिलाला लांबूनच हाक मारून बोलवायचे नाही; आपण परत तिच्यापाशी जायचे, तिथेच खाऊ द्यायचा, आणि 'चल' म्हटल्यावरच तिने उठायचे. याचा अर्थ 'थांब' हा शब्द आम्हालाही बांधतो. थांब म्हणून निघून जाता येत नाही. परत येण्याचे वचन त्या शब्दात आहे, आणि ते वचन शंभर वेळा पाळले तेव्हा तो शब्द तिच्या लेखी शब्द झाला.

'थांब'वर एवढा जोर देण्याचे कारण मात्र तात्त्विक नव्हते. पहाडावर बिबट्या आहे. पश्चिम महाराष्ट्रातल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेवरून त्याच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला, सुमारे ३९ टक्के. बकऱ्यांहून अधिक. अकोले हा उसाचा मुलूख आणि आमचा जंगलाचा, तेव्हा आकडा जसाच्या तसा इकडे लावता येणार नाही. पण अंगणात साखळीने बांधलेला कुत्रा पळू शकत नाही, एवढे समजायला आकडाही लागत नाही. म्हणून अंधार पडला की सरमा घरात, आणि दार उघडले तरी उंबरठ्याच्या आत 'थांब'. यावरही गल्ली हसली. राखणीला ठेवलेला कुत्रा घरात निजतो आणि माणूस दार लावतो, मग राखण कोण कुणाची करतो?

डिसेंबरातल्या एका रात्री वीज गेलेली होती. काळ्या भुंकत होता. तो रोजच भुंके, पण या भुंकण्यात मधले विसावे नव्हते. आमच्यापैकी एकाने बॅटरी घेऊन दार उघडले. सरमा उठून उंबरठ्याशी आली, मानेवरचे केस ताठ, आणि अंगणात झेप घेण्याच्या बेतात असताना मागून 'थांब' हा शब्द आला. तो शब्द मोठ्याने म्हटलेला नव्हता. ती थांबली. तिचे सगळे अंग थरथरत होते, पुढचे पाय अर्धे उचललेले होते, तोंडातून बारीक कण्हण्याचा आवाज येत होता, आणि तरी ती थांबली. काळ्याचे भुंकणे कापसाच्या दिशेने सरकले. एक केकाटी ऐकू आली. मग लांबच्या कोलामगुड्यावरची कुत्रीसुद्धा गप्प झाली. आम्ही दार लावले, तिच्यापाशी खाली बसलो आणि बराच वेळ कुणीच 'चल' म्हटले नाही.

सकाळी कापसाच्या तासात फरपटल्याची खूण होती आणि ओल्या मातीत ठसे होते. मामांनी ते पाहिले, पायाने थोडी माती सारली. "शेळी असती तर पंचनामा तरी झाला असता. कुत्र्याचा काय पंचनामा?" एवढेच बोलले. त्या दिवशी मामींनी चूल पेटवली नाही असे आम्हाला नंतर कळले. मामांच्या घराण्याचा देव माळेगावचा खंडोबा. मार्गशीर्षातल्या त्या यात्रेला ते अजूनही जमेल तसे जातात. ज्या देवाच्या अंगणात वाघ्या होऊन माणूस कुत्र्यासारखा भुंकतो आणि कोटंब्यातले खातो, त्या देवाचा हा भक्त आपल्या कुत्र्याला कधी 'बस'सुद्धा म्हणाला नव्हता. काळ्यावर त्याची माया नव्हती असे म्हणण्याची हिंमत आम्हाला होत नाही. त्या मायेत सांभाळणे नव्हते, इतकेच. आणि हेही लिहिले पाहिजे की त्या रात्री आमची सरमा वाचली ती निव्वळ आमच्या शब्दामुळे नव्हे. अंगणात भुंकायला दुसरा कुणीतरी होता. न शिकवलेला.

धर्मराज कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला तयार होत नाही, ही गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे. श्वानप्रेमाच्या प्रत्येक भाषणात ती येते. त्या कुत्र्याचे पुढे काय होते ते मात्र आम्हाला नेहमीच खटकत आले आहे. तो कुत्रा कुत्रा राहत नाही. तो यमधर्म निघतो. आपल्या परंपरेत कुत्र्याला दारात घ्यायचे तर तो आधी देव असावा लागतो, नाहीतर दत्ताच्या पायांशी वेद तरी. नामदेवांनी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धाव घेतली, पण त्या कथेतही तो विठ्ठल असतो. नुसता कुत्रा, गावठी, मादी, नाव चुकीचे उच्चारले जाणारी, तिच्यासाठी कथा नाही. तिच्यासाठी तीन शब्द आहेत.

फेब्रुवारीत मामांनी कोलामगुड्यावरून नवे पिलू आणले. तांबूस, कान पडलेले. त्याची जबाबदारी आपोआप त्यांच्या नातवाकडे गेली, तो सहावीत आहे. चार दिवसांनी मामा कुंपणाशी आले, बराच वेळ सरमेकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, ते 'थांब' म्हणायला किती दिस लागले हिला?" दीड महिना, आम्ही म्हटले, रोज पाच-पाच मिनिटे. "आन मारायचं नाही?" नाही. "मारलं तर?" मारलं तर ती थांबेल, पण तुमच्यापासून लांब. त्यांनी मान हलवली. पटले म्हणून की ऐकले म्हणून, ते कळले नाही.

आता संध्याकाळी दोन्ही अंगणांत शिकवण्या चालतात. नातवाचा 'थांब' आमच्या 'थांब'पेक्षा वेगळा आहे, शेवटच्या अक्षरावर तो जोर देतो आणि हात वर करतो, वाहतूक पोलिसासारखा. तांबूस पिलू तीन मोजेपर्यंत थांबते. अडचण एवढीच झाली आहे की तो कुंपणापलीकडे 'थांब' म्हणाला की इकडे आमच्या अंगणात सरमाही थांबते, आणि तो 'चल' म्हणेपर्यंत हलत नाही. मुलगा शाळेची वेळ झाली की कधीकधी 'चल' न म्हणताच निघून जातो. त्याला बोलावून आणावे लागते.